डाळ उतू जातेय, झाकण काढ

भोपाळच्या बरखेडा टाउनशिपमधल्या निम्म्या क्वार्टर्सची स्वयंपाकघरं मी आतून पाहिलेली आहेत, आणि यात माझा काही दोष नाही. असलाच तर तो काकांचा. बाकी ज्या गोष्टींत माझा दोष आहे, त्या ओघाने येतीलच. काकांची आठवण काढायची आणि स्वतःला वगळायचं, हे मला जमण्यातलं नाही.

काका म्हणजे माझ्या नात्यातले नव्हेत. आमच्या कारखान्यात टेस्टिंग विभाग होता. तयार झालेली अवजड यंत्रं बाहेर पाठवण्याआधी तिथे त्यांच्यात वीज सोडून ती तपासली जात. काका त्या विभागात माझे वरिष्ठ होते, आणि टाउनशिपमध्ये समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. मूळचे नागपूरचे, ऐन तरुणपणी भोपाळला आलेले. मी अमरावतीहून नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "जेवणाचं काय?" मी म्हणालो, "बघतो काहीतरी." ते म्हणाले, "बघतो काहीतरी," आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले.

समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणायची त्यांना सवय होती. काकूंनी आतून सांगावं, "साखर संपत आली आहे," की काका पेपरमधून मान न काढता म्हणणार, "साखर संपत आली आहे." नवख्या माणसाला वाटे, हे चेष्टा करतात. पण ती टेस्टिंगची शिस्त होती. यंत्रात वीज सोडण्याआधी पॅनेलवरचा माणूस जे सांगेल ते यंत्राजवळच्या माणसाने शब्दशः परत म्हणायचं. म्हटलं नाही तर बटण दाबायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी आल्यावर तरी कसा सुटणार?

मी सांगतोय तो काळ मोबाइल घरोघरी नुकते आले होते तेव्हाचा. टाउनशिपची क्वार्टर्स त्याच्या कितीतरी आधीची. जाड भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब, खिडक्यांना डासांसाठी लोखंडी जाळ्या. उन्हाळ्यात कूलर चालू केला की आत गारवा, पण मोबाइलचा आवाज त्या भिंतींतून आत शिरत नसे. संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्यावर. एक हात कानावर, दुसऱ्या कानाला फोन, आणि तोंडाने ओरडा. कोणाच्या मेहुणीचं लग्न का मोडलं, कोणाच्या सासऱ्यांचं पोट साफ होत नाही, हे सगळं कडुनिंबाखालून जाणाऱ्या दूधवाल्यालाही ठाऊक.

काकांना ते सहन होईना. "फोन ही घरात बोलायची वस्तू आहे," ते म्हणायचे. "सुनेबद्दल रस्त्यावर उभं राहून बोलायचं? सून ऐकते ना खिडकीतून!"

मग त्यांनी तीन कंपन्यांची तीन कार्डं घेतली, तीन जुने हँडसेट जमवले, आणि काकूंकडून सदऱ्याला एक रुंद खिसा शिवून घेतला, आत तीन कप्पे असलेला. भोपाळमध्ये ज्या क्रमाने कंपन्या आल्या त्या क्रमाने त्यांनी त्यांना नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी. तीन जावा असाव्यात तशी. "थोरली भिंत ओलांडते, पण घसा बसलेला. मधली अंगणात गोड बोलते, घरात आली की मुकी. धाकटी हुशार आहे, पण लहरी. स्वयंपाकघरात हसेल, झोपायच्या खोलीत ओळख दाखवणार नाही." नवीन कार्ड घ्यायचं तर आधी काकांना घर दाखवायचं, अशी पद्धतच पडून गेली. हिंदी बोलणारे शेजारी त्यांना 'टॉवर साब' म्हणत. म्हणत ते काहीसं हसूनच, पण बोलवायचे मात्र आग्रहाने.

स्क्रीनवरच्या काड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "काड्या कंपनीच्या. आवाज आपला. आवाज पोचला पाहिजे." म्हणून ते घरात दारं लावून उभे राहायचे, मी बाहेर कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली. ते फोन लावायचे आणि एकच ठरलेलं वाक्य बोलायचे: "डाळ उतू जातेय, झाकण काढ."

पहिल्या दिवशी मी उत्साहाने ओरडलो, "काढलं, काका!"

फोन बंद झाला. काका स्वतः बाहेर आले, त्या घरातल्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या सपाता पायात तशाच.

"मी तुला झाकण काढायला सांगितलं?"

"हो. तेच तर सांगितलंत."

"मी तुला ऐकायला सांगितलं. उत्तर अंदाजाने देता येतं. अर्धं वाक्य ऐकूनही माणूस 'हो हो' म्हणतो. ऐकल्याशिवाय पुन्हा म्हणता येत नाही. उत्तर दिलं की टेस्ट बाद. परत घ्यावी लागते."

टेस्ट परत घेतली. मी म्हणालो, "डाळ उतू जातेय, झाकण काढ." शेजारून सायकलवर चाललेला एक जण थांबून माझ्याकडे बघत राहिला.

हेच वाक्य का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अर्धं ऐकलं तर नुकसान होईल, असंच वाक्य टेस्टला घ्यावं." मला ते पटलं. खरं कारण मला फार पुढे कळलं.

तपासणी म्हणजे नुसतं फिरणं नव्हतं. ते लोकांचं घर हलवायचे. लोखंडी कपाट खिडकीच्या भिंतीला असलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "इसको उधर कीजिए." एका बाईंनी साफ नकार दिला, "अंकल, अलमारी तो शादी से यहीं रखी है." काका गंभीरपणे म्हणाले, "तो फिर शादी से ही नेटवर्क नहीं आ रहा होगा." बाईंचा नवरा दारात उभा होता, तो पोट धरून हसला आणि त्याच पावली कपाट ढकलायला आत आला. उन्हाळा हा काकांच्या मते नेटवर्कचा वाईट हंगाम. खिडकीत पत्र्याचे कूलर बसले की धाकटी अर्ध्या घरांतून गायब व्हायची. लोक कंपनीला शिव्या घालत, आणि काका सांगत फिरत, "कंपनीचा काय दोष? तुम्ही खिडकीत पत्र्याची भिंत उभी केली आहे."

एकदा चार इमलीतून, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, त्यांना न्यायला गाडी आली. मराठी मंडळातल्या एका बाईंचे यजमान सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. बंगल्यात नेटवर्क येत नाही, साहेबांना फोन लागत नाही, अशी तक्रार. काकांनी दिवाणखाना, जेवणघर, ऑफिसची खोली, अगदी न्हाणीघरसुद्धा तपासलं. मी बागेत उभा राहून माळ्याच्या समोर डाळीचं झाकण काढत होतो. शेवटी काका बाईंना म्हणाले, "तिन्ही कंपन्या सगळीकडे येताहेत."

"मग मी केला की लागत का नाही?"

"लागतो. साहेब उचलत नाहीत."

परतताना गाडी मिळाली नाही. टेंपो पकडून आलो. मी वैतागलो होतो. काका म्हणाले, "टेस्टचा निकाल जो आहे तो सांगायचा. पाहुणचार बघून बदलायचा नाही."

हाच निकाल एक दिवस माझ्यावर आला. आई अमरावतीला एकटी होती. वडील गेल्यापासून ती रोज फोन करायची, आणि रोज तेच तेच बोलायची. काय खाल्लंस, खोकला गेला का, मोगऱ्याला कळ्या आल्या. मी तिला सांगून ठेवलं होतं की आमच्या क्वार्टरमध्ये रेंज येत नाही, मीच बाहेर येऊन करत जाईन. ती बिचारी वाट बघायची. मी काही रोज करत नव्हतो. काकांना हे कसं कळलं कोण जाणे. बहुधा माझ्या बायकोने सहज म्हटलं असेल. एका रविवारी ते तिन्ही फोन घेऊन दारात हजर. मी नको नको म्हणेपर्यंत ते आत शिरले होते. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, मागे मोकळं मैदान. तिन्ही जावा प्रत्येक खोलीत खणखणीत बोलल्या. काका खूश. त्यांनी माझ्याच देखत आईचा नंबर लावला. "वहिनी, आनंदाची बातमी. तुमच्या मुलाच्या घरात सगळ्या खोल्यांत येतंय. आता खुशाल करा, केव्हाही."

पलीकडे आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकांनी मात्र सवयीने तिचं वाक्य परत म्हटलं: "येत असेलच, मला वाटलंच होतं."

मी खिडकीबाहेर बघत उभा होतो. आई त्यानंतर कधी त्यावर एक शब्द बोलली नाही. मीही नाही. आता ती नाही, आणि माझ्या खिशातल्या फोनला तळघरातसुद्धा रेंज असते.

पण मला काकांच्या मुलीबद्दल सांगायचं आहे.

त्यांना एकच मुलगी. हैदराबादला नोकरीला होती, आणि तिथल्याच एका तेलुगू मुलाशी तिने लग्न केलं होतं, आधी न विचारता. तिने ते घरच्या लँडलाइनवर सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "या घरात तुझा फोन यायचा नाही." आणि रिसीव्हर ठेवला. हे मी तिथे नव्हतो तरी मला माहीत आहे, कारण काकूंनी ते मला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं होतं. पुढे तो फोन वाजला की काका उचलायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. मग तिने करणं सोडलं. तीही त्यांचीच मुलगी. बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाली, आणि आली नाही.

आमच्या विभागात एक नियम होता. यंत्र बंद ठेवायचं असेल तर त्याच्या बटणावर लाल टॅग लावायचा. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी, अगदी साहेबांनीही, त्याला हात लावायचा नाही. काकांनी आयुष्यात दुसऱ्याच्या टॅगला हात लावला नव्हता आणि स्वतःचा टॅग पूर्ण खात्री झाल्याशिवाय काढला नव्हता. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "हा टॅग यांचा आहे रे. मी कसा काढू?"

पण काकू हुशार. तपासण्या सुरू होऊन काही महिने झाले होते. काका म्हणायला लागले, गावातल्या गावात बोलून नीट कळत नाही, बाहेरगावचा एक नंबर पाहिजे. काकूंनी म्हटलं, "माझ्याकडे आहे एक. ते वाक्य परत म्हणतील, मी सांगून ठेवते." आणि त्यांनी तिन्ही फोनमध्ये एक नंबर भरून दिला, 'बाहेरगाव' अशा नावाने.

काकांचं स्वतःचं क्वार्टर तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीच्या मागे. सबंध सेक्टरमध्ये नेटवर्कला त्याच्याइतकं वाईट घर नसेल. त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्याशी वाकून त्यांनी 'बाहेरगाव' लावला आणि वाक्य बोलले. पलीकडून आवाज आला, "डाळ उतू जातेय, झाकण काढ."

"तेव्हा यांचा चेहरा तू बघायला हवा होतास," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आता फोन आपटतात. ती लहान असताना स्वयंपाकघरातच अभ्यासाला बसायची, डाळीकडे लक्ष ठेवायला. आणि पुस्तकात डोकं घातलं की हिला कशाची शुद्ध नाही. हे बाहेरच्या खोलीतून वासावरून ओळखायचे आणि ओरडायचे. रोजचं वाक्य ते! पोरगी काय, झोपेतही म्हणेल."

"मग काका काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ओके.' आणि मग मधलीवरून लावला."

तेव्हापासून रोज. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी थोरली, मधली, धाकटी. तीन फोन, तेच वाक्य, तेच वाक्य परत, ओके. कशी आहेस नाही, जावई कसा आहे नाही. एकदा तिने वाक्य म्हणून झाल्यावर "बाबा," एवढंच म्हटलं, तर काकांनी घाईघाईने फोन बंद केला आणि दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीन फोन. त्यांच्या लेखी त्यांनी तिला कधी फोन केलाच नव्हता, ते फक्त घरातलं नेटवर्क तपासत होते. एखाद्या दिवशी वाक्य परत यायच्या आत आवाज तुटला, की काकू ओट्याशी शांतपणे पोळ्या लाटत म्हणायच्या, "पुन्हा लावा. बाद झाली ना?"

हे सगळं काकूंनी मला सांगितलं ते काकांच्या निवृत्तीच्या सुमारास, आणि सांगायला कारण होतं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. काकांना घर घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे स्कूटर होती. काकू म्हणाल्या, "तू यांच्याबरोबर जातोस, तुला माहीत असलेलं बरं. आणि यांच्यासमोर काही बोलू नकोस."

मी बोललो नाही. पण मनाशी ठरवलं की काकांना असं घर शोधून द्यायचं, जिथे हैदराबादचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येईल. आईशी मी जे वागलो त्याची कुठेतरी भरपाई होईल असं वाटत होतं बहुतेक. कामावरून सुटलो की मी टाउनशिपबाहेरच्या इंद्रपुरी वस्तीच्या गल्ल्या धुंडाळायचो. खिशात तीन कंपन्यांची कार्डं, डाळीचं वाक्य फोनवर माझ्या बायकोला. शेवटी एक फ्लॅट सापडला. तिसरा मजला, दोन्ही बाजूंनी मोकळा, समोरच टॉवर. ऊन, वारा, पाणी, सगळं. एजंटला म्हटलं, कोणाला दाखवू नका, आमचे काका हाच घेणार.

रविवारी सकाळी काकांना घेऊन गेलो. त्यांनी नळ सोडून पाहिला नाही की खिडकी उघडली नाही. खिशातून थोरली काढली, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि 'बाहेरगाव' लावला.

"डाळ उतू जातेय, झाकण काढ."

पलीकडचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शांत, थोडासा दमलेला बाईचा आवाज. अक्षर न अक्षर स्वच्छ. काका म्हणाले, "ओके." मधलीवरून स्वयंपाकघरात. ओके. धाकटीवरून आतल्या खोलीत. ओके. मग ते न्हाणीघरात गेले, दार लावून घेतलं. ओके. मग भिंतीतल्या कपाटात डोकं घालून उभे राहिले. एजंट माझ्याकडे बघायला लागला, मग खास भोपाळी बोलीत म्हणाला,

"अंकल, पानी देख लो, धूप देख लो. आप अलमारी में क्या देख रहे हो, खां?"

"नेटवर्क."

"नेटवर्क तो फुल है, अंकल! सामने टॉवर है, आपके किचन से दिखता है!"

"दिखता है," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. कारखान्यात एखादं यंत्र टेस्टमध्ये नापास झालं की असा व्हायचा.

"काका, घेऊन टाका," मी म्हणालो.

"हे नाही."

"का? काय कमी आहे?"

"कमी काही नाही," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

मला राग आला. किती फिरलो होतो मी! पुढच्या काही आठवड्यांत असे आणखी फ्लॅट त्यांनी नाकारले. जिथे सगळं येतं ते नको. एजंटने मला बाजूला घेऊन विचारलं, "आखिर अंकल को चाहिए क्या?" शेवटी त्याने वैतागून, दाखवायचं म्हणून एक जुना फ्लॅट दाखवला. इंद्रपुरीतच, पण आतल्या गल्लीत. तळमजला, मागची बाजू, तिन्ही अंगांना दुसऱ्या इमारतींच्या भिंती. दिवसा दिवा लावावा लागेल असा. मी दारातूनच म्हणालो, "चला काका, हे बघण्यासारखं नाही."

काका आत गेले. थोरली लागलीच नाही. मधली लागली आणि "डाळ उतू" वर तुटली. काका खोलीखोलीतून फिरायला लागले. बसायची खोली नाही. आतली नाही. न्हाणीघर नाही. सरतेशेवटी स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या गजाला जवळजवळ गाल लावून उभे राहिल्यावर धाकटीवर तो आवाज आला. मध्ये मध्ये तुटत.

"डाळ... जातेय... काढ."

"अर्धं आलं. परत."

परत लावला. पुन्हा अर्धं. परत. चौथ्या की पाचव्या खेपेला पूर्ण वाक्य आलं. काकांनी ओके म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळले. मला त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद अजून दिसतो.

"इथे लक्ष ठेवावं लागेल," ते म्हणाले. "आज एक येईल, उद्या दुसरी. काही सांगता येत नाही. रोज बघावं लागेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॉवरसमोरच्या घरात तपासायला उरलंच काय असतं? तिथे एकदा ओके म्हटलं की संपलं. मग उद्या सकाळी फोन कशासाठी करायचा?

"हो, काका," मी म्हणालो.

"काय म्हणालो मी?"

"रोज बघावं लागेल."

"ओके," काका म्हणाले, आणि एजंटकडे वळून म्हणाले, "यही चाहिए." एजंटने मला हळूच विचारलं, अंकलची तब्येत ठीक आहे ना.

काकूंनी ते घर पाहिलं तेव्हा मला धास्ती होती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीकडे बघितलं, ओट्याच्या टोकावर हात फिरवला. "इथे शेगडी नको ठेवायला," एवढंच म्हणाल्या. "इथे यांची जागा राहील."

त्या अंधाऱ्या घरात ती दोघं बरीच वर्षं राहिली. पुढे थोरली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तेव्हा काका काही दिवस गप्प गप्प होते. घरातली जाऊ गेल्यासारखे. मग आणखी एक नवी कंपनी आली, तिचं कार्ड त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतलं. शेंडेफळ म्हणायचे तिला. मी अधूनमधून जायचो. अधूनमधून म्हणजे जायला हवं होतं त्यापेक्षा कमी. बरखेड्यातून इंद्रपुरी काही लांब नाही.

शेवटचं गेलो ते काकांचं ऑपरेशन होऊन ते घरी आले होते तेव्हा. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, काका झोपलेत. पण काका जागे होते, आतल्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसले होते. काकू हळूच म्हणाल्या, "ती आली आहे. सकाळच्या विमानाने. मी फोनवर ऑपरेशनचं सांगितलं, तर न विचारता निघाली."

"मग? बोलले?"

"कुठलं! ती आत जाऊन पायाशी उभी राहिली. यांनी बघितलं. तिने बघितलं. मग ती म्हणाली, 'आई, मी स्वयंपाकाचं बघते,' आणि इकडे येऊन बसली. तेव्हापासून ती इकडे, हे तिकडे."

स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून एक बाई ओट्याशी उभी होती. केसांत पांढऱ्या रेषा होत्या. गॅसवर पातेलं होतं, आणि ओट्याच्या मोकळ्या टोकाशी, काकांच्या जागी, तिचा फोन ठेवलेला होता.

मी काकांजवळ जाऊन बसलो. "कसे आहात, काका?"

"कसे आहात, काका," ते सवयीने म्हणाले. आवाज खूप बारीक झाला होता. ते दाराकडे बघत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशाकडे हात नेला. अंगात रुग्णाचा ढगळ कुडता होता, त्याला तो खिसा नव्हता. उशीखाली चाचपून त्यांनी धाकटी काढली.

"काका, मी देऊ का लावून?"

त्यांनी मान हलवली. नंबर त्यांनी स्वतः लावला. त्या दिवशी धाकटी आतल्या खोलीतही लागली; स्वयंपाकघरात फोन वाजला. एकदा, दोनदा. मग वाजायचा थांबला.

आतून डाळीचा वास येत होता. काकांनी एकदा नाकाने हवा ओढली.

"डाळ उतू जातेय," ते फोनमध्ये म्हणाले, "झाकण काढ."

भिंतीच्या पलीकडून ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. स्टीलची थाळी दगडावर ठेवल्यावर येतो तसा. मग फोनमधून आणि भिंतीतून, दोन्हीकडून एकदमच तिचा आवाज आला.

"काढलं, बाबा."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. काकांनी फोन कानापासून दूर धरला, बंद केला, आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र कामावरचा होता.

"उत्तर दिलं तिने," ते मला म्हणाले. "टेस्ट बाद. परत घ्यावी लागेल."

आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.